कॅमेऱ्याचा आवाज

यंत्राचा आवाज हा सामान्यतः यंत्राचा दोष समजला जातो. गिरणीतला माग असो, शिवणयंत्र असो की आगगाडीचे इंजिन असो, यंत्राने काम पुरे करावे आणि गोंगाट कमी करावा, हाच ध्यास अभियंत्यांनी पिढ्यानपिढ्या घेतला. या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे. आजच्या मोबाइल फोनमधील कॅमेऱ्यात छायाचित्र घेताना बहुधा एकही झडप हलत नाही. प्रकाश टिपणाऱ्या पटलाचे काम विजेच्या संकेतानेच सुरू होते आणि संकेतानेच थांबते. तरीही कळ दाबली की ‘खट्’ असा आवाज येतो. यंत्राला जो आवाज करण्याचे काहीच कारण उरलेले नाही, तो मुद्दाम त्याच्या मुखी घातलेला आहे. तो का घातला गेला आणि तो बंद करण्याची मुभा कोणाला असावी, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नामागे छायाचित्रणकलेचा जवळजवळ सारा इतिहास उभा आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. मुंबईहून सुरतेकडे जाताना सचिन आणि उधना या स्थानकांच्या दरम्यान भेस्तान लागते. एके काळचे हे खेडे आज सुरत शहराचा भाग होऊन गेले आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान या दक्षिणेकडील भागांत खानदेशातून आलेली, मराठी आणि अहिराणी बोलणारी असंख्य कुटुंबे स्थायिक झाली आहेत. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने त्यांचे पूर्वज कापडाच्या धंद्यात रोजगार शोधीत इकडे आले. अशा श्रमिक वस्तीत घरे लहान असतात, भिंतीला भिंत लागलेली असते आणि एकाच्या खिडकीतून दुसऱ्याचे अंगण दिसते. त्यात आता जवळजवळ प्रत्येक हातात एक कॅमेरा आला आहे. कोणी कोणाचे चित्र केव्हा घेतले, हे कळण्याचे साधन म्हणजे तो एक क्षीण ‘खट्’. तोही बंद करता येतो.

आरंभी मात्र कॅमेऱ्याला आवाज नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. १८३९ साली दागेरची पद्धती पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा एका चित्रासाठी कित्येक मिनिटे प्रकाश घ्यावा लागे. छायाचित्रकार भिंगावरचे टोपण हाताने काढी, वेळ मोजी आणि टोपण पुन्हा बसवी. तेवढा वेळ समोरच्या माणसाने पुतळ्यासारखे निश्चल बसावयाचे. पुष्कळदा त्याची मान स्थिर राहावी म्हणून पाठीमागे लोखंडी आधारही लावीत. हिंदुस्थानात ही कला लवकरच येऊन पोहोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी निकटचा संबंध होता आणि नारायण दाजी तर स्वतः निष्णात छायाचित्रकार म्हणून गणले जात. त्या काळी ज्याचे चित्र निघे, त्याच्या सहकार्याशिवाय ते निघतच नसे. संमतीसाठी वेगळा कायदा नको होता, कारण यंत्राचा संथपणा हीच संमतीची हमी होती.

असे असूनही लोकांच्या मनात कॅमेऱ्याविषयी भय होतेच. त्याचा अनुभव ज्याला आला, तो मराठी माणूस पुढे भारतीय चित्रपटाचा जनक म्हणून प्रसिद्ध झाला. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्या संस्थेचे धुरीण प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे सुरतेचे. त्यांनी या तरुणाच्या हाती छायाचित्रणाची सामग्री विश्वासाने सोपविली. पुढे १८९५ च्या सुमारास फाळक्यांनी गोध्रे येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगने त्यांची पत्नी आणि अपत्य हिरावून नेले. ते बडोद्यास परतले आणि पुन्हा तोच धंदा करू लागले. पण कॅमेरा माणसाच्या शरीरातील शक्ती शोषून घेतो आणि त्याने मृत्यू ओढवतो, अशी वदंता शहरात पसरली आणि धंदा बसला. ही समजूत शास्त्राच्या दृष्टीने खुळी होती, यात शंका नाही. परंतु आपले रूप आपल्यापासून वेगळे होऊन दुसऱ्याच्या हाती जाते आणि त्याचे पुढे काय होईल यावर आपली सत्ता चालत नाही, ही जी भावना त्या भयाच्या मुळाशी होती, ती खुळी म्हणता येईल काय? शंभर वर्षांनंतर न्यायाधीशांना आणि कायदेपंडितांना त्याच भावनेचा विचार करावा लागला.

मधल्या काळात यंत्र पालटले होते. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि दहा वर्षांच्या आत ती इतकी सुधारली, की सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र उमटू लागले. एवढ्या अल्प वेळात हाताने टोपण काढणे आणि घालणे शक्य नाही. म्हणून स्प्रिंगवर चालणारी झडप, म्हणजेच शटर, अपरिहार्य झाले आणि झडपेबरोबर तिचा आवाज आला. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा निघाला. तो हातात धरता येई आणि त्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. पुस्तक किंवा गाठोडे वाटावे असे छुपे कॅमेरेही याच सुमारास बाजारात आले. त्यांना ‘डिटेक्टिव्ह कॅमेरा’ असेच नाव होते. समोरच्या माणसाला न विचारता, किंबहुना त्याच्या नकळत, त्याचे चित्र घेणे आता प्रथमच सुलभ झाले. त्याचा परिणाम लगोलग दिसला. १८९० साली अमेरिकेत सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी खाजगीपणाच्या हक्कावर निबंध लिहिला आणि त्यात क्षणचित्रे टिपणाऱ्या या नव्या कॅमेऱ्यांचा उल्लेख आवर्जून केला. खाजगीपणाची कायदेशीर कल्पना आणि जलद झडप यांचा जन्म असा एकाच दशकातला आहे.

यानंतरची पन्नास-साठ वर्षे या आवाजाशी झगडण्यात गेली. जर्मनीत १९२५ साली लायका हा छोटा कॅमेरा विक्रीस आला. त्याची कापडी झडप इतकी हळुवार चाले, की वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना ती वरदान वाटली. एरिख सालोमन या जर्मन छायाचित्रकाराने १९२८ साली बर्लिनच्या न्यायालयात टोपीत कॅमेरा लपवून खटल्याची चित्रे घेतली आणि मुत्सद्द्यांच्या बैठकींतही तो असाच वावरला. चित्रपटाच्या क्षेत्रात तर कॅमेऱ्याचा खडखडाट हा शत्रूच ठरला. मूकपटाच्या काळात कॅमेरा कितीही वाजला तरी बिघडत नसे. बोलपट येताच तो आवाज पात्रांच्या संवादांत मिसळू लागला. पाश्चात्त्य देशांत आरंभी कॅमेरा आणि तो चालविणारा अशा दोघांनाही बंद खोलीत कोंडीत आणि पुढे कॅमेऱ्यालाच जाड आवरण चढवू लागले. मुंबईत अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ १९३१ साली तयार झाला तेव्हा स्टुडिओजवळून जाणाऱ्या आगगाड्यांच्या आवाजामुळे पुष्कळसे चित्रण रात्री करावे लागले. दुसऱ्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. मनुष्याचा शब्द ऐकू यावा म्हणून यंत्राने गप्प बसावे, हा तेव्हाचा न्याय होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा न्याय उलटा झाला. नोव्हेंबर २००० मध्ये जपानमध्ये शार्प कंपनीने बनविलेला कॅमेरायुक्त मोबाइल फोन जे-फोन या कंपनीने बाजारात आणला. त्याचे चित्र जेमतेम एक लक्ष दहा हजार बिंदूंचे होते; पण ते तेथल्या तेथे दुसऱ्याकडे धाडता येई. फोन सर्वांच्या हातात असतो, त्यामुळे कोणी तो उचलून धरला तर संशय येत नाही. आगगाडीच्या गर्दीत, फिरत्या जिन्यांवर स्त्रियांची चोरून चित्रे घेतली जाऊ लागली आणि मोठा सामाजिक क्षोभ उसळला. तेव्हा जपानमधील दूरध्वनी कंपन्यांनी आपसात ठरविले, की फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येऊ नये. तसा कायदा तेथे झाला नाही. तो व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेला निर्बंध होता. दक्षिण कोरियात २००४ साली यासाठी तांत्रिक मानकच ठरविण्यात आले आणि आवाज ६० ते ६८ डेसिबल असावा असे त्यात म्हटले. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. म्हणजे फोनने जवळजवळ माणसाच्या आवाजात ‘चित्र घेतले’ असे सांगावे, अशी ही योजना होती. अमेरिकेतही २००९ साली पीटर किंग या प्रतिनिधीने असा आवाज सक्तीचा करणारे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही.

या उपायाची मर्यादा लवकरच लक्षात आली. चित्रफीत घेताना प्रत्येक चित्रामागे आवाज होत नाही आणि चित्रफितीतून हवे ते चित्र मागाहून वेगळे काढता येते. परदेशातून आणलेल्या फोनला तो नियम लागत नाही. याउलट निजलेल्या बाळाचे चित्र घेणारी आई, रुग्णाच्या खोलीत बसलेला आप्त, पक्ष्यांचे निरीक्षण करणारा अभ्यासक, अशा निरुपद्रवी माणसांना मात्र त्या आवाजाचा जाच होतो. २०२३ साली कोरियातील शासकीय आयोगाने लोकमत अजमावले तेव्हा आवाज ठेवावा की नाही हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे, असे बहुसंख्यांनी सांगितले. त्याच वर्षी जपानने चोरट्या छायाचित्रणाला देशभर शिक्षा ठरविणारा कायदा अमलात आणला. यंत्रावर टाकलेली जबाबदारी हळूहळू पुन्हा माणसावर येऊ लागली, असा याचा अर्थ.

भारताने हा आवाजाचा मार्ग कधीच पत्करला नाही. येथे विकल्या जाणाऱ्या आयफोनचा स्वर बंद केला, की छायाचित्राचा आवाजही बंद होतो. अँड्रॉइड पद्धतीच्या बहुतेक फोनांत कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच तशी सोय असते. भारतीय कायद्याने आवाजाकडे न पाहता कृत्याकडे पाहिले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ‘६६ ई’ हे संमतीशिवाय कोणाही व्यक्तीच्या खाजगी अवयवांचे चित्र घेण्यास अथवा प्रसृत करण्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लक्ष रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ साली भारतीय दंडसंहितेत ‘३५४ सी’ हे कलम आले. स्त्री खाजगी कृत्यात असताना आणि आपल्याला कोणी पाहत नाही असे तिला साहजिकच वाटत असताना तिला न्याहाळणे किंवा तिचे चित्र घेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात आहे. पहिल्या अपराधास एक ते तीन वर्षे आणि पुढील अपराधास तीन ते सात वर्षे कारावास तीत सांगितला आहे. तिच्या स्पष्टीकरणातील एक भाग विशेष मननीय आहे. चित्र घेण्यास स्त्रीने संमती दिली असली, पण ते इतरांना दाखविण्यास दिली नसली, तरी ते प्रसृत करणे हा गुन्हाच होय. बडोद्यातील लोकांना जे भय वाटले होते, त्याला कायद्याने असा आकार दिला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय देऊन या विचाराला घटनेचे अधिष्ठानही दिले.

कायदा झाला म्हणून प्रश्न मिटला असे मात्र नाही. नळावर पाणी भरणारी स्त्री, दाराशी भांडी घासणारी मुलगी, पाळी संपवून दमून बसलेला कामगार, यांची चित्रे कोणी घेतली तर ती या कलमांत सहसा बसत नाहीत. पण त्यांना ते रुचेलच असे नाही. ज्यांचे घर मोठे आहे, त्यांचा खाजगीपणा भिंती राखतात. दाट वस्तीतल्या माणसाचे निम्मे आयुष्य दाराबाहेर, शेजाऱ्यांच्या नजरेसमोर जाते. त्याचा खाजगीपणा राखतो तो केवळ शेजारधर्म. भेस्तानसारख्या भागात कॅमेऱ्याचा आवाज चालू ठेवूनही फारसे साधत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये ९० डेसिबलहून अधिक गोंगाट असतो; त्यात ६८ डेसिबलचा ‘खट्’ कोणाच्या कानी पडणार? कोरियातील मानक तेथे आपोआपच निष्फळ होते.

तेव्हा आवाज चालू की बंद, हा शेवटी दुय्यम प्रश्न आहे. निजलेल्या बाळाजवळ, देवळाच्या गाभाऱ्यापाशी, गाण्याच्या मैफलीत तो बंद करणे हे सभ्यपणाचेच लक्षण आहे. अनोळखी माणसापुढे तोच बंद करून कॅमेरा रोखणे हे मात्र चोरपावलांनी परक्याच्या घरात शिरण्यासारखे आहे. दोन्ही ठिकाणी कळ तीच असते. भेद असतो तो हेतूचा. पहिल्या पिढीच्या छायाचित्रकाराला समोरच्या माणसाला ‘जरा स्थिर बसा’ अशी विनंती करावीच लागे आणि त्या विनंतीतच परवानगीही मागितली जाई. यंत्राने ती विनंती अनावश्यक केली, म्हणून ती करण्याचे कर्तव्य संपत नाही. ‘तुमचा फोटो काढू का?’ हे चार शब्द कोणत्याही डेसिबलपेक्षा स्पष्ट ऐकू जातात आणि त्यांना नकार देण्याची सोयही ऐकणाऱ्याला असते. कोणत्याही फोनच्या ‘खट्’मध्ये ती सोय नाही.