दर्शनी हुंडी

एखादं साम्राज्य नेमकं कधी बुडालं यावरून इतिहासकारांत नेहमीच हमरीतुमरी असते. रोमचा कारभार कोणत्या साली आटोपला असं विचारलं, तर दोन पंडित तीन उत्तरं देतात. पण आपल्या डोळ्यांदेखत एक साम्राज्य असं होऊन गेलं, की त्यानं स्वतःच्या मरणाची तारीख जवळजवळ साडेतीन वर्षं आधी नोटीस लावून कळवली. २५ जुलै २०१७ रोजी अ‍ॅडोबी कंपनीनं जाहीर केलं, की 'फ्लॅश प्लेअर' हा आमचा कारभार २०२०च्या अखेरीस बंद होईल. तसा तो झाला. शिवाय १२ जानेवारी २०२१पासून त्या प्लेअरनं चित्रं दाखवायलाच नकार दिला. संक्रांत दोन दिवसांवर आलेली, पण भीष्माला मिळालेली सवलत बिचाऱ्याला मिळाली नाही.

या साम्राज्याचा मूळपुरुष जोनाथन गे नावाचा अमेरिकन प्रोग्रॅमर. १९९३ साली निघालेल्या 'फ्यूचरवेव्ह' या छोट्या पेढीत त्यानं 'स्मार्टस्केच' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. काचेवर लेखणी टेकवून चालवायच्या संगणकांसाठी तो होता. ते संगणकच बाजारात चालले नाहीत. म्हणजे मुलगी पसंत, मांडव घातलेला आणि नवरदेव पसार! तेव्हा हाती उरलेल्या सामानात चित्रं हलवायची सोय घालून १९९६ साली तो माल 'फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर' या नावानं विकायला काढला. त्याच वर्षाच्या अखेरीस 'मॅक्रोमीडिया'नं पेढी घेतली आणि नाव आखडून 'फ्लॅश' केलं. २००५ साली अ‍ॅडोबीनं मॅक्रोमीडियाच गिळली. बँकेत नोकरी करणाऱ्याला यात नवल वाटत नाही. खुर्ची तीच, टेबल तेच. बदलते ती बाहेरची पाटी.

आता फ्लॅशचं एवढं कौतुक का, हे कळायला थोडं गणित करावं लागेल. आम्ही बी.कॉम. मंडळी, गणिताला भीत नाही. फ्लॅशचा नेहमीचा पडदा ५५० बाय ४०० ठिपक्यांचा. एका ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एका चित्राला ६ लाख ६० हजार बाइट झाले. सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे मिनिटाला ७२०. त्या काळचा मोडेम टेलिफोनच्या तारेवरून अगदी जीव खाऊन ओढला तरी सेकंदाला ५६ हजार बिट आणायचा. चित्रं आहेत तशी, न दाबता आणायची म्हटली तर एका मिनिटाच्या गमतीसाठी जवळजवळ १९ तास लागले असते. तेवढ्या वेळात गंमत करणारा आणि बघणारा, दोघेही जेवून झोपले असते.

फ्लॅशची युक्ती अशी, की त्यानं चित्र पाठवलंच नाही; चित्राची हुंडी पाठवली. हुंडी म्हणजे रोकड नव्हे. ती नुसती चिठ्ठी असते: अमक्याला एवढे रुपये द्यावे. तशी फ्लॅशची फाइल म्हणजे आज्ञापत्र: इथे एक वर्तुळ काढावे, त्यात लाल रंग भरावा, पुढच्या चाळीस चित्रांत ते डावीकडून उजवीकडे न्यावे. चिठ्ठी आली की आपल्या संगणकात बसलेला प्लेअर नावाचा मुनीम ती वाचून जागच्या जागी चित्र मोजून द्यायचा. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात 'दर्शनी हुंडी' असते, दाखवताक्षणी वटणारी. त्या शब्दाला इतकं शोभणारं उदाहरण आमच्या प्राध्यापकांना कधी मिळालं नाही.

चिठ्ठी लिहायला स्टुडिओ लागत नाही, भांडवल लागत नाही. त्यामुळे पोरासोरांनी धमाल उडवली. अमेरिकेत चॅपमन बंधूंनी २००० साली 'होमस्टार रनर'चं संकेतस्थळ उघडलं. त्यात स्ट्राँग बॅड नावाचा मुखवटेवाला लोकांच्या पत्रांना उर्मट उत्तरं द्यायचा. इंग्लंडात जॉन्टी पिकिंगनं २००३ साली बॅजर नावाच्या जनावरांची रांग नाचवली. मधेच एक अळंबी आणि एक साप. कथानक एवढंच. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. कित्येक मराठी मालिकांना ही कल्पना नंतर सुचली.

मग ग्रह फिरले. २००७ साली आयफोन आला, त्यात या मुनिमाला चौकटच दिली नाही. एप्रिल २०१०मध्ये स्टीव्ह जॉब्जनं जाहीर पत्र लिहून कारणं सांगितली: बॅटरी खातो, सुरक्षेला भोकं आहेत, मालकी एकाच कंपनीची. शिवाय माउसचा बाण चित्रावर नुसता घिरट्या घालू शकतो. बोटाला ते जमत नाही, ते टेकतं तरी किंवा नसतं तरी. यूट्यूब २००५पासून फ्लॅशच्याच खांद्यावर बसून व्हिडिओ दाखवत होतं. २०१५ साली तेही खाली उतरलं.

पेढी बुडणार म्हटल्यावर जे होतं तेच झालं: हुंड्या वटवायला धावाधाव. रोकड कोणती? एमपी४. २००३ साली ठरलेल्या 'एच.२६४' पद्धतीनं दाबलेला व्हिडिओ त्यात भरला, की तो फोनपासून टीव्हीपर्यंत कुठेही चालतो. न्यूग्राउंड्स या संकेतस्थळानं 'स्विव्हल' नावाचा प्रोग्रॅम काढला. तो मूळ फाइल एकेक चित्र करून चालवतो, प्रत्येक चित्र नीट मोजून घेतो आणि शेवटी आवाजासकट व्हिडिओची गड्डी बांधून देतो.

परंतु वटवण्याला बट्टा असतो. चिठ्ठी होती काही शे किलोबाइटची. रोकड भरायला पोतं लागतं. चिठ्ठीतलं वर्तुळ कितीही मोठं केलं तरी गोल राहायचं. रोकड करताना आकार एकदाच ठरवायचा, पुढे ताणला की कडा फाटल्या. बॅजरांचा नाच न संपणारा. व्हिडिओत तो किती मिनिटांचा धरायचा? फाइलच्या तोंडाशी 'सुरू करा' असं बटण असलं, तर रूपांतर करणाऱ्यानं शेजारी बसून ते स्वतः दाबावं, नाहीतर व्हिडिओभर बटणाचंच दर्शन. आणि खरी खोट पुढेच. स्ट्राँग बॅडच्या उत्तराच्या शेवटी पडद्यावर एखाद्या शब्दावर टिचकी मारली, की दडवून ठेवलेला विनोद बाहेर यायचा. व्हिडिओत तो फार तर शेवटी जोडून दाखवता येतो. आपला आपण सापडत नाही. आमच्याकडे खातेवह्या संगणकात घेतल्या, तेव्हा शिल्लक बिनचूक पुढे आली. कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या खुणा जुन्या वहीतच राहिल्या. त्यातला प्रकार.

काहींनी वटवायचंच नाकारलं. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्ये होते. जानेवारी २०२१मध्ये त्यांनी फॉर्म चालावेत म्हणून चक्क स्वतःचा ब्राउझर काढला. कर वसूल करायचा म्हटला की सरकार मेलेल्यालाही उठवतं!

पण शहाणपणाची वाट स्विव्हल लिहिणाऱ्या माइक वेल्शनंच काढली. रोकड मोजून देणाऱ्या याच माणसानं पुढे 'रफल' सुरू केलं. हा नवा मुनीम जुन्या हुंड्या मूळ अक्षरात वाचतो, आजच्या ब्राउझरमध्ये चालतो, आणि कोणा एका शेठजीच्या मालकीचा नाही. त्याचा कोड सर्वांना खुला आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये इंटरनेट आर्काइव्हनं त्याच्याच भरवशावर फ्लॅशची चित्रं जतन करायला घेतली. होमस्टार रनरचं दुकानही त्याच्याच जोरावर उघडं आहे. सगळ्या हुंड्या त्याला अजून लागत नाहीत. फार गुंतागुंतीची असली की तो मान खाजवतो.

तेव्हा कुणाच्या कपाटातल्या सीडीवर अशा फाइली असतील, तर एमपी४ जरूर करून घ्या. नातवंडांना दाखवायला रोकडच बरी. पण बँकेत वटलेला चेक परत मिळत नाही. ही हुंडी मात्र शंभरदा वटवली तरी आपल्याच हातात राहते. एवढी सवलत कुठलीही बँक देत नाही. ती फाडू नका.