विसण

दिवाळीत बिडकीनच्या घरी बाबांच्या गुडघ्यांसाठी गरम पाण्याचा टब बसवला. पॅनेलवर मी ऐटीत ४२ सेट केलं. पंधरा मिनिटांनी बाबा उठले आणि चक्कर येऊन भिंतीलाच टेकले. गरम पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो. धडधाकट माणसानेही ४० च्या वर जाऊ नये, हे साहेबांनी नंतर वाचलं!

पुढच्या रविवारी दौलताबादला गेलो. किल्ल्याच्या प्रवेशद्वाराजवळ शाही हमाम आहे, मुघल काळातला मानतात (मुघलांनी किल्ला घेतला १६३३ मध्ये). हौद, पाट, नळ, वाफेची आणि मालिशची सोय, सगळं आहे. आकडा मात्र कुठेच नाही. असणार कसा? फॅरनहाइटचा पाऱ्याचा थर्मामीटर आला १७१४ च्या सुमारास, सेल्सिअसची पट्टी १७४२ मध्ये. तोवर सेन्सर म्हणजे आपला हात.

आपल्याकडे तर या कामाला खास शब्द आहे : विसण. बंबातून कढत पाणी घंगाळात काढायचं आणि त्यात गार पाणी, म्हणजे विसण, घालत जायचं. आजी कोपर बुडवून बघायची. बाळाचं पाणी वेगळं, आजोबांचं वेगळं. बंब फक्त तापवायचा. किती गरम हे अंघोळ करणाऱ्याकडे बघून ठरायचं. मी नेमकं तेच पॅनेलवर सोडून दिलं होतं.

असो. आता बाबांना ३८, तेही दहाच मिनिटं. टबाशेजारी गार पाण्याची बादली असते. ती आईने ठेवली, मला न विचारता.