काकडी मोझॅक विषाणू : वनस्पतीतील प्रसार

मावा किडीमार्फत पसरणारा आरएनए विषाणू. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल भागातले केळी उत्पादक त्यामुळे होणाऱ्या रोगाला ‘हरण्या’ म्हणतात. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पाने आक्रसतात, पुढे पोंगा सडतो. मावा रस शोषताना विषाणू पेशीत सोडतो. तेथून तो झाडभर पसरतो तो झाडाच्याच प्रथिनांच्या आधाराने. पेशीभित्तींतून जाणारे प्लाझ्मोडेस्माटा हे सूक्ष्म मार्ग एरवी लहान रेणूंनाच वाट देतात. विषाणूचे ‘३ए’ हे वहनप्रथिन आरएनएला चिकटते आणि ॲक्टिनचे तंतू तोडून हे मार्ग रुंद करते. ते प्रथिन तयार करवून घेण्यासाठीही विषाणू वनस्पतीचे ईआयएफ४ई व ईआयएफ४जी हे प्रथिननिर्मिती सुरू करणारे घटक राबवतो. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांतल्या वनस्पतीमध्ये या घटकांत बिघाड झाला की ‘३ए’ कमी बनते व प्रसार मंदावतो. खरबुजाच्या प्रतिकारक्षम वाणांतील शोध तर विशेष मोलाचा आहे : व्हीपीएस४१ या प्रथिनातील बदलामुळे काही विषाणुप्रकार शेजारच्या पेशींत जातात, पण अन्नरस वाहणाऱ्या परिकाष्ठात शिरू शकत नाहीत. केळीच्या बागेत मात्र रोगट झाडे उपटून नष्ट करणे, मावा आटोक्यात ठेवणे आणि लगत काकडीवर्गीय पिके, टोमॅटो, मिरची न घेणे यांवरच भिस्त असते.