मोजमाप आणि कान

सिंधुदुर्गात रात्री देवळासमोर दशावतारी नाटक उभे राहण्यापूर्वी पखवाजी एक छोटेसे काम करतो. भिजवलेल्या कणकेचा गोळा तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापतो, थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा ऐकतो. कणकेचे वजन कोणी करीत नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत चामडे सैलावते. म्हणून काल मालवणात जमलेले माप आज वेंगुर्ल्यात जमेलच असे नाही. माप बदलते ते स्वर टिकावा म्हणून.

वाद्याचे माप यंत्राच्या हाती गेले तर या ऐकण्याचे काय होते? याचे उत्तर शोधायला एका दूरच्या वाद्याचा इतिहास उपयोगी पडतो. ते वाद्य म्हणजे विजेवर चालणारी गिटार.

या गिटारचा आवाज तिच्या पोकळ पेटीतून नव्हे, तर तारांखाली बसवलेल्या ‘पिकअप’मधून येतो. चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढाच हा भाग. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते आणि ध्वनिवर्धक तिचा आवाज करतो. वेढे वाढवले तर आवाज जोरकस होतो, पण त्यातली तीक्ष्णता कमी होते. तार घट्ट गुंडाळली की विस्कटून, यानेही फरक पडतो. म्हणजे केसाएवढ्या जाडीची ही तार गुंडाळणारा कामगार नकळत स्वरच घडवीत असतो.

अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीचे अभियंते सेथ लव्हर यांनी 1955 साली दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. बाहेरच्या विजेची घरघर एका वेटोळ्यात जशी शिरते त्याच्या उलट दुसऱ्यात शिरावी आणि दोन्ही मिळून ती नाहीशी व्हावी, ही त्यांची कल्पना. त्यासाठी दोन्ही वेटोळी सारखी हवीत. प्रत्येकी सुमारे 5000 वेढ्यांचा अंदाज होता. पण सुरुवातीच्या वर्षांत संख्या काटेकोर राखली जात नसे. एकात वेढे कमी, दुसऱ्यात जास्त, असे होई. अशी जोडी घरघर पुरती पुसत नसे, मात्र तिचा स्वर थोडा उजळ लागे. तिकडे कॅलिफोर्नियात फेंडरच्या कारखान्यात फिरत्या रिळावर तार हाताने सोडली जाई. 1956 पासून तिथे काम करणाऱ्या अबिगेल इबारा यांच्या हातचे पिकअप पुढे संग्राहक नावाने मागू लागले. ठरावीक कामासाठी नेमलेल्या एका कामगार स्त्रीचा हात हीच मालाची ओळख झाली.

पुढे गुंडाळणी यंत्रांनी वेढे मोजायला सुरुवात केली आणि संगणक आल्यावर तारेचा ताण, प्रत्येक थरातले अंतर, सारेच आधी ठरवता येऊ लागले. माल एकसारखा निघू लागला. तेव्हा वादकांना जुन्या वाद्यांची आठवण होऊ लागली. कारागिरांनी जुने पिकअप उघडून मोजले, आणि तोच विस्कटलेपणा संगणकाला शिकवला. गिब्सननेही ‘बर्स्टबकर’ या पिकअपमध्ये दोन वेटोळ्यांचे वेढे मुद्दाम असमान ठेवले. पूर्वीची चूक आता आज्ञावलीतली ओळ झाली.

याला नुसती फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. यंत्रामुळेच बरी गिटार मर्यादित पैशांत मिळू लागली. शिवाय जुने सगळेच पिकअप गोड नव्हते. ज्यांचा स्वर आवडला ते जपले गेले, बाकीचे विस्मरणात गेले. विषमता हाताने निर्माण केली, पण निवड कानाने केली. संगणक त्या निवडीची नक्कल बिनचूक करतो. नवी निवड मात्र कोणीतरी ऐकूनच करावी लागते.

हे आपल्याकडे मिरजेत स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तिथे तंतुवाद्ये घडवायला घेतली. त्यांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूर–पंढरपूर भागातून येणारे दोन भोपळे कधी सारखे नसतात. घोडीचा माथा किंचित घासून जवारी काढताना कारागीर दर वेळी तार छेडून पाहतो. घोडीचा आकार यंत्र कापून देईल. कुठे थांबायचे ते या भोपळ्याला, या तारेला विचारूनच ठरते.

म्हणून जपायची गोष्ट ओबडधोबडपणा नव्हे, तर ऐकून थांबण्याची सवय. मानांकनाच्या कागदावर वाद्याचे नाव टिकेल. ही सवय फक्त शेजारी बसून शिकणाऱ्या मुलाच्या कानात टिकते. पखवाजावरची कणिक प्रयोग संपल्यावर खरवडून टाकली जाते. दुसऱ्या रात्री ती नव्याने भिजवावी लागते, आणि पखवाज्याला पुन्हा ऐकावे लागते.