सिरॅमिक दंतकॅप व आम्लयुक्त पेये

आंबट पेयांच्या सततच्या संपर्काने सिरॅमिकची कॅप, ब्रिज किंवा व्हेनियर यांची चकाकी, पोत व छटा यांत होणारा बदल. दातांच्या उपचारात सिरॅमिक हे रासायनिकदृष्ट्या अत्यंत स्थिर साहित्य मानले जाते. ते कायम जसेच्या तसे राहते, हा समज मात्र चुकीचा आहे.

फेल्डस्पारयुक्त पोर्सेलीन, ल्युसाइट व लिथियम डायसिलिकेट या प्रकारांत काचेचा अंश असतो. आम्लातील हायड्रोजन आयन काचेतील सोडियम-पोटॅशियमची जागा घेतात आणि पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खरबरीत होतो. त्यावरून प्रकाश सरळ परतण्याऐवजी विखुरतो, म्हणून रंगाआधी झळाळी जाते. खरबरीतपणा सुमारे 0.2 मायक्रोमीटरच्या पुढे गेला की दातांवरचे किटण अधिक साठते व चहाचा डाग टिकतो. झिर्कोनियात काच जवळजवळ नसल्याने तो अधिक टिकाव धरतो, पण त्यावर पोर्सेलीनचा थर असेल तर तो थर काचेसारखाच वागतो.

वसई-विरार पट्ट्यात लिंबू सरबत, कोकम सरबत, कोला आणि ताडी ही नेहमीची पेये. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 2.5, कोलाचा सुमारे 2.5. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाबरोबर अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्यही असते. झाडावरून उतरवलेली ताजी नीरा जवळपास उदासीन असते. ऊन चढेल तशी ती आंबून तिची ताडी होते, त्यात लॅक्टिक व ॲसिटिक आम्ल तयार होते. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत इंदियाल या मांसाच्या पदार्थासाठी लागणारा शिरकाही ॲसिटिक आम्लाचाच. दंत-सिरॅमिकच्या आयएसओ 6872 या मानकात नमुना 4 टक्के ॲसिटिक आम्लात 80 अंश सेल्सिअसवर 16 तास ठेवतात. तोंडातील द्रवांच्या थेट संपर्कात येणाऱ्या सिरॅमिकची झीज दर चौरस सेंटिमीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या आत असावी लागते. म्हणजे साधारण शिरक्याच्याच तीव्रतेचे आम्ल, तेही कढत. या कसोटीला उतरलेली कॅप जेवणानंतरच्या पेलाभर सरबताने बिघडत नाही.

खरा कच्चा दुवा वेगळा आहे. कॅप उंच लागते म्हणून बसवताना घासली आणि पुन्हा पॉलिश केली नाही, तर तिथली ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, गेलेली असते. अशा जागी दिवसभर घोट-घोट घेतलेल्या थंड पेयाचा परिणाम लवकर दिसतो. पॉलिश करून घेण्याचा आग्रह रुग्णाने धरावा. कडेची तपकिरी रेघ बहुधा रेझिन सिमेंटची असते, सिरॅमिकची नव्हे.

शेजारचा नैसर्गिक दात मात्र अधिक झिजतो. सामू 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते, आतले पिवळसर डेंटिन दिसते आणि कॅप अकारण पांढरीफटक वाटू लागते. आंबट प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, ब्रश लगेच करू नये.

पेयांखेरीज दवाखान्यातील 1.23 टक्के आम्लीकृत फॉस्फेट फ्लोराइड जेलही सिरॅमिकची ग्लेझ झिजवते. कॅप असलेल्यांसाठी उदासीन सोडियम फ्लोराइड वापरतात.