अग्निगोलाचे अंतरमापन: सातारा–सांगली आधाररेषा

सूर्याभोवती फिरणारा घन कण वा धोंडा सेकंदाला सुमारे 11 ते 72 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला की त्याच्या मार्गावर जी प्रकाशरेषा उमटते, ती उल्का. शुक्राहून, म्हणजे उणे 4 प्रतीहून तेजस्वी उल्का तो अग्निगोल. जळून उरलेला जो खंड भूमीवर पोहोचतो, तो अशनी. पहिल्या दोन संज्ञा प्रकाशघटनेच्या, तिसरी पदार्थाची; आणि बहुतेक अग्निगोलांतून काहीच उरत नाही.

उल्का द्विविध: विखुरलेल्या आणि वर्षावातील. वर्षावातील कण एकाच जनकपिंडाचे असून समांतर येतात. दृष्टिभ्रमाने ते एका उद्गमबिंदूतून फाकल्यासारखे दिसतात. त्यांची दृश्य संख्या दोन गोष्टींवर ठरते: उद्गमबिंदूची उंची व आकाशाचा काळोख. 12–13 ऑगस्टचा ययाती वर्षाव साताऱ्याहून ढगांत बुडालेला असतो. जत-आटपाडीच्या पर्जन्यछायेत क्वचित आकाश उघडते, पण त्यावर योजना आखता येत नाही. 13–14 डिसेंबरचा मिथुन वर्षाव मात्र या प्रदेशाला सर्वथा अनुकूल. त्याचा जनक फेथॉन हा लघुग्रह 1983 साली सापडला. पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळचा त्याचा उद्गमबिंदू रात्री पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि अडीच वाजता सुमारे 75 अंशांवर येतो. 6.5 प्रतीपर्यंतचे तारे दिसणारे आकाश आणि डोक्यावरचा उद्गमबिंदू अशा आदर्श स्थितीत ताशी 120 उल्का धरल्या, तर 5.5 प्रतीपर्यंतचे तारे दिसणाऱ्या माळावर अडीच वाजता सुमारे 45 दिसतील, 4.5 प्रतीवर थांबणाऱ्या शहरी आकाशात अवघ्या 17. अग्निगोलांसाठी मात्र नोव्हेंबरच्या आरंभीचा वृषभ वर्षाव अधिक लाभाचा: एन्के धूमकेतूचे हे कण संख्येने थोडे, वेगाने मंद, पण त्यांत तेजस्वी उल्कांचे प्रमाण मोठे.

अग्निगोल दिसला, की पुढचा प्रश्न अंतराचा. एकट्या निरीक्षकाला त्याचे उत्तर देता येत नाही. 'पलीकडच्या टेकडीमागे पडला' हे विधान जवळपास नेहमी चुकीचे असते: 80 किलोमीटर उंचीवरचा अग्निगोल क्षितिजावर 10 अंशांवर दिसत असेल, तर तो चारशे किलोमीटरच्या आसपास दूर असतो. यावरचा उपाय 1798 साली ग्योटिंगेन येथे ब्रांडेस व बेन्झेनबर्ग या विद्यार्थ्यांनी योजला: एकच उल्का दोन ठिकाणांहून, एकाच वेळी.

सातारा व सांगली शहरांतील सरळ अंतर सुमारे 110 किलोमीटर. ही आधाररेषा या कामाला उत्तम आहे. समजा, तिच्या मध्यावर, कडेगाव परिसराच्या वर, अग्निगोल विझला. साताऱ्याहून तो आग्नेयेस, सांगलीहून वायव्येस, दोन्हीकडून 58 अंशांवर दिसला. निम्मी आधाररेषा 55 किलोमीटर. 58 अंशांचे टॅन गुणोत्तर 1.6, म्हणून उंची 88 किलोमीटर. दोन्हीकडे कोन तीन अंशांनी एकाच बाजूला चुकला, तर उंची सुमारे 10 किलोमीटरने चुकते. म्हणून विझण्याचा बिंदू घरे-झाडांवरून सांगू नये. जवळच्या ताऱ्यांवरून नोंदवावा. हात पूर्ण लांबवून वळलेली मूठ सुमारे 10 अंश व्यापते, एवढे साधन पुरते. वेळ सेकंदासह लिहावी, अन्यथा दोन नोंदी एकाच घटनेच्या आहेत हे सिद्ध होत नाही.

नोंदीतील तिसरी बाब कालावधी. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांतून जळत्या तुकड्यांची रांग दिसली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूची कडी पडली. तो अग्निबाणाचा अवशेष होता. कक्षेतून उतरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरहून कमी असतो आणि ती आडवी येते. म्हणून तिला आकाश ओलांडण्यास मिनिटभरही लागते. अग्निगोल बहुधा काही सेकंदांत संपतो.

उरला ध्वनी. हवेतील ध्वनी तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भरदिवसा अशनी पडले, त्या वेळी गडगडाट ऐकू आला. 30 किलोमीटर उंचीवरचा स्फोट डोक्यावर झाला, तरी आवाज दीड मिनिटाने पोहोचतो. त्यामुळे अग्निगोल विझल्यापासून सेकंद मोजत राहावे, किमान पाच मिनिटे. आवाज आला, तर त्या सेकंदांना तीनने भागून स्फोटबिंदूचे स्थूल अंतर मिळते आणि कोनांवरून काढलेले अंतर त्याच्याशी ताडता येते. आवाज न आल्यास तीही नोंद लिहावी.