नाणेघाटातलं शून्य

मंडळी, आधी एक कबुली. मागच्या पावसाळ्यात हापिसातल्या आठ जणांना घेऊन नाणेघाटात गेलो होतो. बाकीच्यांना उलटा धबधबा बघायचा होता. दरीतून येणारा वारा पडणाऱ्या पाण्याला परत वर फेकतो, तोच तो. मी मात्र भाषणाची तयारी करून गेलो होतो. गुहेत शिरल्यावर घसा खाकरला आणि ठोकून दिलं, "ही भिंत म्हणजे शून्याच्या शोधाचा जगातला पहिला पुरावा."

आमच्यात टेस्टिंग करणारी एक मुलगी होती. तिने शांतपणे विचारलं, "अरे, पण शून्य कुठंय? दाखव ना."

पाच मिनिटं टॉर्च फिरवला. सापडलं नाही. "पुसट झालंय गं" म्हणून वेळ मारून नेली, पण घरी येईपर्यंत ते डोक्यात फिरत राहिलं. मी ही माहिती कुठून घेतली होती? एका फॉरवर्डमधून. पुढचे काही वीकेंड या लेखाविषयी जे मिळेल ते वाचलं आणि हिवाळ्यात लेखाचं वाचन छापून घेऊन एकटाच परत गेलो. हा लेख म्हणजे त्या दुसऱ्या फेरीचा हिशोब.

ज्यांनी नाणेघाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाताना वैशाखरे गाव लागतं. त्याच्या जवळून पायवाट सुटते, जंगलातून दोन-अडीच तास चढते. मधेमधे जुनी दगडी फरसबंदी पायाखाली येते. माथा जवळ आला की डाव्या-उजव्या हाताला पाण्याची खोदीव टाकी आणि गुहा दिसू लागतात. शेवटी एक अरुंद नळी चढून गेलं की आपण थेट देशावर. समोर मोठा दगडी रांजण, बाजूला कोकणात डोकावणारा नानाचा अंगठा आणि पलीकडे जीवधन. चढायचा कंटाळा असेल तर जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी माथ्यापर्यंत येते, पण मग हा घाट का खोदला हे पायांना कळत नाही.

का खोदला? कारण खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर जुन्नर आणि त्याच्याही पुढे सातवाहनांची राजधानी पैठण. समुद्रावरून आलेला माल डोंगर चढून देशावर जायला वाट हवी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण, पैठण आणि तगर म्हणजे आजचं तेर, तिन्हींचा उल्लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत तर इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे. नाणेघाटातही एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव आहे. वाटसरूला पाणी मिळावं म्हणून दगड फोडून टाकं खोदायचं आणि नाव कोरायचं. पाणपोईवर पाटी लावतात तसंच.

रांजणाला सगळे जकातीचा रांजण म्हणतात. जाणारा-येणारा त्यात नाणी टाकायचा, म्हणून नाणेघाट, अशी समजूत आहे. असेलही. पण रांजणावर काही लिहिलेलं नाही. सगळे फोटो मात्र त्याच्याबरोबरच काढतात, आणि जिथे खरोखर लिहिलंय त्या गुहेत डबे उघडतात. (आम्हीही उघडले होते. ठेपले होते. असो.)

तर ती गुहा. मागच्या भिंतीवर एके काळी सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती गेल्या, उरल्यात फक्त पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं : राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरी सातकणी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर वगैरे. नायनिका म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो ती राणी. डाव्या भिंतीवर दहा ओळी, उजव्या भिंतीवर दहा ओळी. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. सुरुवातीला इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य यांना वंदन. मग राणीचं वर्णन, महिनाभर उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. आणि पुढे यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची लांबच लांब यादी.

ही यादी वाचताना मला एखाद्या प्रोजेक्टची खर्चाची शीट उघडल्यासारखं वाटलं. १७०० गायी, १० हत्ती. चांदीचे १७ घडे. ११००० गायी, १००० घोडे. एका ठिकाणी २४४०० कार्षापण दक्षिणा. कार्षापण म्हणजे तेव्हाचं नाणं. आणि हे सगळे आकडे अंकांत कोरलेत.

आता शून्याकडे येऊ. २४४०० मध्ये आपण दोन शून्यं लिहितो. नाणेघाटात हा आकडा फक्त तीन चिन्हांत आहे : वीस हजारांचं एक, चार हजारांचं एक, चारशेचं एक. हजाराच्या चिन्हाला वीसचं चिन्ह जोडलं की वीस हजार, शंभराच्या चिन्हाला चारचं जोडलं की चारशे. आता आपण हा आकडा मोठ्याने कसा म्हणतो बघा : चोवीस हजार चारशे. शून्य कुठे उच्चारलं? कुठेच नाही. या अंकांमध्ये स्थानाला किंमत नाही, प्रत्येक चिन्ह आपली किंमत स्वतःबरोबर घेऊन फिरतं. रिकामी जागाच पडत नाही, तर ती दाखवायला चिन्ह हवंय कशाला? म्हणजे माझ्या टॉर्चचा दोष नव्हता. तिथे शून्य नाहीच, आणि त्याची गरजही नव्हती. दगडावर कोरलेलं गाजलेलं शून्य बघायचं तर ग्वाल्हेरला जावं लागतं, चतुर्भुज मंदिरातल्या इसवी सन ८७६ च्या लेखातला २७० हा आकडा बघायला. नाणेघाटाहून सुमारे नऊशे वर्षांनी अलीकडे.

'जगातले सर्वात जुने अंक' असंही म्हणू नये, अशोकाच्या लेखांत याआधीचे काही अंक आहेत. पण इतक्या मोठ्या संख्येने, एका जागी, अंकांची इतकी चिन्हं देणारा इतका जुना लेख आपल्याकडे क्वचितच. आपले आजचे अंक ज्या घराण्यातले, त्याचे हे पूर्वज.

हे अंक वाचले कसे, ही गोष्टही झकास आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स हा कंपनीचा अधिकारी इथे आला. तो पुरातत्त्ववाला नव्हता, मुंबई सरकारसाठी सांख्यिकी गोळा करणारा माणूस होता. त्याला ही बौद्ध गुहा वाटली. लिपी वाचता येत नसताना त्याने नजरेने बघून अक्षरांची नक्कल केली. जुने अंक ओळखायला आधार मिळाला तो नाशिकच्या पांडवलेण्यांचा. तिथल्या लेखांत दानाची रक्कम आधी शब्दांत आणि लगेच पुढे अंकांत येते. आपल्या चेकवर अक्षरी आणि अंकी असते ना, अगदी तसंच! पुढे १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटाच्या अंकांवर काम केलं आणि मग ब्यूलरने सगळ्या लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं.

पण मला खरा प्रश्न पडला तो वेगळाच. खर्चाची यादी डोंगरात कशाला कोरायची? देवळात नाही, राजवाड्यात नाही, भर रहदारीच्या वाटेवर?

बहुतेक अभ्यासकांच्या मते हा लेख कोरला तेव्हा राजा सातकर्णी हयात नव्हता, मुलगा लहान होता आणि कारभार नागनिका बघत होती. आता त्या वाटेवरून जाणारा व्यापारी डोळ्यांसमोर आणा. राजा गेल्याचं त्याने ऐकलंय. माल घेऊन वर जावं की दुसरं बंदर बघावं, असा विचार चाललाय. घाट चढून दमतो, पाणी प्यायला थांबतो, आणि समोर अख्खं राजघराणं उभं : सासरा, नवरा, मुलं. बाजूच्या भिंतींवर अश्वमेध, राजसूय, हजारो गायी, हजारो नाणी. न वाचता येणाऱ्याला कोणीतरी वाचून दाखवत असणार. हा माझा अंदाज आहे, पण मला तरी त्या भिंतीवर एकच वाक्य दिसतं : आम्ही आहोत, घाट चालू आहे.

विशेष म्हणजे तिची भीती खोटी नव्हती. त्याच 'पेरिप्लस'मध्ये म्हटलंय की आधी खुलं असलेलं कल्याण बंदर पुढे बंद पडलं, चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदर तुटलं की घाट ओस पडतो.

हिवाळ्यातल्या त्या सकाळी गुहेत मी एकटा होतो. टॉर्च सरळ न मारता भिंतीला घासून तिरपा धरला तेव्हा अक्षरं उठून दिसली. (तुम्हीही तसंच करा, खडू-पावडर चोळू नका. आणि चूल पेटवायची असेल तर बाहेर, धुराने भिंत काळी होते.) जिथे ब्राह्मी संपते तिथून हातभर अंतरावर कोणीतरी बदामात आपलं आणि तिचं नाव कोरलंय. नावं कोरायची हौस आपली जुनीच, पण गोविंददासाने आधी टाकं खोदलं होतं.

सोमवारी त्या टेस्टिंगवाल्या मुलीला सांगितलं, "तुझा बग खरा होता. शून्य नाहीये तिथे." ती म्हणाली, "मग काय आहे?"

सांगायला लागलो तर चहा गार झाला :)